इंजिन मिसिंग मारतंय? पार्ट बदलण्याआधी सिलिंडर शोधा

जुनी गाडी सिग्नलला उभी असते. स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवते, सायलेन्सरमधून भड-भड-भड-फुस असा लंगडा आवाज येतो, आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबला की गाडी उचल खाण्याऐवजी आचके देते. गॅरेजच्या भाषेत इंजिन मिसिंग मारतंय. पुढचा क्रमही बहुतेकदा ठरलेला असतो. प्लग बदलतात, मग वायरी, मग कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) साफ करून घेतात. चार नवे पार्ट पडतात आणि थरथर जागच्या जागी राहते.

असं होतं, कारण 'काय बदलू' हा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. त्याच्या आधी दोन प्रश्न येतात: कोणता सिलिंडर काम करत नाही, आणि त्याला काय कमी पडतंय. ही दोन उत्तरं मिळाली की पार्टचं नाव बहुतेक वेळा आपोआप समोर येतं. ती मिळवायला बहुतेकदा लागतात प्लगचा पाना, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), साधा मल्टिमीटर आणि एखादा तास.

इथे जे सांगतोय ते पेट्रोल गाड्यांबद्दल आहे. डिझेलमध्ये ठिणगी नसते, त्यामुळे तिथला शोध वेगळ्या वाटेने जातो.

मिसिंग म्हणजे नेमकं काय

सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटतं, त्याचा दाब पिस्टनला खाली ढकलतो आणि त्यावर गाडी चालते. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. इंजिन ८०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर आयडलिंग करत (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) असेल, तर एक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा आणि चार मिळून १,६०० वेळा पेटतात. यातलं पेटणं चुकलं की ती मिसिंग.

चार जण जड कपाट जिन्यावरून खाली नेतायत आणि त्यातल्या एकाचा हात सारखा सुटतोय, अशी कल्पना करा. कपाट खाली पडत नाही, पण दर वेळी त्या कोपऱ्याला हिसका बसतो आणि उरलेल्या तिघांवर भार येतो. एक सिलिंडर पूर्ण बंद असेल तर आयडलिंगला असे सेकंदाला सहा-सात हिसके बसतात. स्टिअरिंगला जाणवते ती थरथर हीच.

थरथरीचा ताल नीट ऐकावा. ठरावीक लयीत अडखळत असेल तर दोष बहुधा एकाच सिलिंडरचा. मध्येच, कसाही, बेताल अडखळत असेल तर दोष सगळ्या सिलिंडरना सामाईक असलेल्या कशात तरी: पेट्रोलचा पुरवठा, मुख्य कॉइल, रोटर (फिरत फिरत एकेका प्लगला वीज देणारा तुकडा), बाहेरून शिरणारी हवा. थरथर आहे पण आवाज एकसारखा आहे, असं असेल तर इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी माउंटिंग खचलंय का ते आधी पाहा. त्यासाठी प्लग खोलायची गरजच नाही.

पेटायला तीन गोष्टी लागतात

एक, योग्य मिश्रण: पूर्ण जळण्यासाठी १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा. दोन, ते मिश्रण घट्ट दाबलं जाणं, म्हणजे कॉम्प्रेशन. तीन, नेमक्या क्षणी दमदार ठिणगी. मिसिंगची कारणं यादीत डझनावारी सापडतील, पण प्रत्येक कारण या तिन्हींपैकी एका खान्यात पडतं.

कधी मारतं, ते आधी टिपून ठेवा

बॉनेट उघडण्याआधी दोन दिवस निरीक्षण करा. फक्त आयडलिंगला थरथरते आणि रेस वाढवली की गुळगुळीत होते? मग मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या, आसपास कुठून तरी जादा हवा शिरत असावी, किंवा एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नसावा. आयडलिंग छान, पण चढावर आचके? ठिणगी कमजोर किंवा पेट्रोल अपुरं. ओल्या हवेत, पहाटेच्या दवात हमखास मारते? वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची (कॉइलची वीज एकेका प्लगला वाटणाऱ्या डबीची) कॅप. अर्धा तास चालून इंजिन तापल्यावरच सुरू होते, थंड झाली की बरी? कॉइल किंवा इग्निशन मॉड्यूल (कॉइलला चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग). रात्रभर उभी राहिल्यावर पहिला अर्धा मिनिटच एक सिलिंडर बंद? रात्रीत त्या सिलिंडरमध्ये काहीतरी झिरपतंय: गळणाऱ्या इंजेक्टरमधून पेट्रोल, व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल, किंवा हेड गॅस्केटमधून (सिलिंडर आणि वरच्या हेडमधल्या पट्टीतून) कूलंट.

चढावरच ठिणगी का दगा देते, हे समजून घेण्यासारखं आहे. ठिणगीला प्लगच्या दोन टोकांमधली फट उडी मारून ओलांडायची असते, त्यासाठी हजारो व्होल्ट लागतात. आयडलिंगला सिलिंडरमध्ये हवा थोडीच येते, तिचा दाब कमी, उडी सोपी. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडर हवेने गच्च भरतो आणि त्या दाट हवेतून उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. तेवढं साठलं की वीज सोपी वाट शोधते. वायरीच्या आवरणाला चीर असेल तर तिथून इंजिनच्या लोखंडावर उडी मारते आणि प्लगला ठिणगी मिळतच नाही. सीएनजी-एलपीजीवर ठिणगीला आणखी जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर नीट चालणारी गाडी गॅसवर मारत असेल, तर गॅस किटला दोष देण्याआधी ठिणगीकडे बघा.

आजारी सिलिंडर कसा ओळखायचा

इंजिन आयडलिंगला ठेवून एकेक सिलिंडर मुद्दाम बंद करायचा. चांगला सिलिंडर बंद केला की रेस पडते, थरथर वाढते. ज्याला बंद केल्यावर काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच बंद होता.

इंजेक्टर असलेल्या गाडीत एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून पाहणं सर्वांत सुरक्षित: पेट्रोल थांबतं आणि ठिणगीशी खेळावं लागत नाही. इंजेक्टरऐवजी कार्ब्युरेटर असेल तर इंजिन बंद करा, एका प्लगची वायर काढा, तिच्यात एक जुना जादा प्लग बसवा, त्याची लोखंडी बाजू जंप केबलने इंजिनला घट्ट जोडा, आणि मग स्टार्ट करून ऐका. चालू इंजिनवर वायर उपटून मोकळी लोंबकळत ठेवू नका. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये २० ते ४० हजार व्होल्ट असतात. धक्का जबर बसतो, आणि वाट न मिळालेली वीज कॉइल किंवा मॉड्यूल जाळते. पेसमेकर बसवलेल्या माणसाने चालू इग्निशनजवळ जाऊच नये. सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर असेल तर प्रत्येक चाचणी काही सेकंदांत उरका.

गाडीला दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर जोडता येत असेल तर काम सोपं होतं. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरची मिसिंग, पी०३०२ म्हणजे दुसऱ्याची, आणि याच क्रमाने पुढे. पी०३०० म्हणजे कोणत्याही एकाची नाही, पसरलेली. पहिला सिलिंडर बहुतेक इंजिनांत टायमिंग बेल्टच्या बाजूचा असतो, पण काही कंपन्या उलट्या टोकाकडून मोजतात. मॅन्युअल पाहून खात्री करा, नाहीतर निरोगी सिलिंडरवर उपचार होतील.

प्लग वाचायला शिका

इंजिन थंड झाल्यावरच प्लग काढा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये गरम असताना ताकद लावली तर आटे निघून येतात. काढण्याआधी प्लगभोवतीची माती हवेने उडवून टाका, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडेल. चारही प्लग सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडा.

टोक फिकट तपकिरी असेल तर सिलिंडर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. चकचकीत, चिकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा प्लग सांगतो की पेट्रोल आलं पण पेटलं नाही, म्हणजे ठिणगी नाही किंवा कॉम्प्रेशन नाही. पांढरा पडलेला, टोकाशी बारीक फोड आलेला प्लग म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, चुकलंय. तिघे तपकिरी आणि एकच नुकता धुतल्यासारखा लख्ख असेल, तर आनंद मानू नका. त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय आणि वाफ तो प्लग धुऊन काढतेय.

आता पांढऱ्या चिनीमातीच्या भागावर उजेड तिरका धरून बघा. पेन्सिलीने ओढल्यासारखी, केसाएवढी उभी काळी रेघ दिसली तर ती वीज बाहेरून घसरून गेल्याची खूण. ती पुसली तरी वाट राहते. तो प्लग टाकायचा, आणि ज्या रबरी टोपीत तो बसला होता तीही बदलायची, कारण रेघ टोपीच्या आतही उमटलेली असते. एकटा प्लग बदलला तर जुनी टोपी नव्या प्लगवर तीच रेघ पुन्हा आणते.

"पण प्लग आत्ताच बदललेत!"

हा आक्षेप हमखास येतो, आणि नव्या प्लगनंतर सुरू झालेली मिसिंग मुळीच दुर्मीळ नाही. पहिली शक्यता फट. पॉइंटवाल्या (उघडझाप करणाऱ्या संपर्कांच्या) जुन्या इग्निशनला साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर, इलेक्ट्रॉनिकला ०.८ ते १.१ मिलिमीटर लागते. प्लग खोक्यातून आला म्हणून त्याची फट तुमच्या गाडीला जुळेलच असं नाही. फिलर गेजने प्रत्येक प्लग मोजा. फक्त इरिडियम-प्लॅटिनमच्या टोकाला गेज रेटू नका, ते नाजूक असतं.

दुसरी शक्यता चुकीचा हीट रेंज, म्हणजे प्लग उष्णता किती भराभर बाहेर टाकतो त्याचा क्रमांक. इथे एक गोम आहे: एनजीकेच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. एका कंपनीचा आकडा पाहून दुसरीचा प्लग घेतला तर नेमकं उलटं होतं. तिसरी शक्यता सर्वांत साधी: वायरी अदलाबदल झाल्या. बऱ्याच चार सिलिंडर इंजिनांत पेटण्याचा क्रम १-३-४-२ असतो, काहींत १-२-४-३.

ठिणगीच्या वाटेवर

जुन्या गाड्यांतली बहुतांश मिसिंग इथेच सापडते, म्हणून घाई करू नका.

रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा आणि वायरींवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारा. कुठे निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या, टिक-टिक ऐकू आलं, तर गळतीची जागा सापडली. हात आणि सैल कपडे लांब ठेवा. अंधारात पंखा आणि बेल्ट दिसत नाहीत.

मग इंजिन बंद करून वायरी मल्टिमीटरवर मोजा. कार्बनच्या गाभ्याच्या वायरीला दर मीटरला साधारण १० ते २० हजार ओहम रोध असतो. नेमका आकडा मॅन्युअलचा धरावा, पण तुलना जास्त बोलकी: तीन वायरी लांबीप्रमाणे जुळतात आणि चौथी कितीतरी पट दाखवते, किंवा वाकवली की आकडा उड्या मारतो, तर तीच तुटलीय. वायरी परत लावताना क्लिपमध्ये सुट्या बसवा. १-३-४-२ क्रमात तिसरा आणि चौथा सिलिंडर शेजारी आहेत आणि एकामागोमाग पेटतात. त्यांच्या वायरी लांबवर एकमेकींना चिकटून गेल्या तर एकीतली वीज दुसरीत उतरू शकते आणि चौथा अवेळी पेटतो.

डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आत बघा. मधला कार्बनचा ठोकळा शाबूत आहे का, स्प्रिंगवर आत-बाहेर होतो का? पितळी खुंट्यांवर पांढरट-हिरवट खवले? दोन खुंट्यांमध्ये ती पेन्सिलीची रेघ? रेघ किंवा तडा असेल तर कॅप आणि रोटर दोन्ही बदला. रोटरचा दांडा हाताने आडवा हलवून पाहा. स्पष्ट खुळखुळत असेल तर बुश गेलंय, आणि टायमिंग कितीही लावलं तरी टिकणार नाही.

पॉइंट असलेल्या गाडीत त्यांची फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडते. म्हणून आधी फट, मग टायमिंग. उलट केलं तर टायमिंग पुन्हा हलतं. पॉइंट लवकर काळे पडत असतील, त्यावर खड्डा आणि टेंगूळ तयार होत असेल, तर पॉइंटना जोडलेला कंडेन्सर बदला. पॉइंट घासत बसणं हा त्यावर उपाय नाही.

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर सोपी युक्ती: संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. दोष कॉइलसोबत गेला तर कॉइल वाईट, जागीच राहिला तर कॉइल निर्दोष. दोन सिलिंडरना एक कॉइल असेल आणि १ व ४ किंवा २ व ३ असे जोडीने बंद पडत असतील, तर संशय सरळ कॉइलवर.

शिवाय, मोकळ्या हवेत प्लगला ठिणगी दिसली म्हणून ठिणगीचा खाना निर्दोष ठरला असं समजू नका. बाहेरच्या हवेत उडी सोपी असते, सिलिंडरच्या आतल्या दाबाखाली तीच कॉइल हार खाऊ शकते.

हवा आणि पेट्रोल

स्ट्रॉला मध्येच भोक असेल तर कितीही ओढा, तोंडात हवाच येते. मॅनिफोल्डच्या गॅस्केटला किंवा एखाद्या रबरी व्हॅक्यूम पाइपला चीर पडली की इंजिनाचं तसंच होतं. आयडलिंगला एकूण हवा कमी असल्याने ही जादा हवा मोठी वाटते. रेस वाढली की ती खिजगणतीत राहत नाही. पाइप एकेक करून चिमटीत दाबा, गॅस्केटच्या कडेवर पाण्याचा फवारा मारा. आयडलिंग बदललं तिथे चीर आहे. यासाठी कार्ब्युरेटर क्लीनर फवारायची पद्धत आहे, पण गरम इंजिनवर तो पेट घेतो. पाणीच बरं.

पेट्रोल कमी पडत असेल तर आधी फिल्टर, मग पंपाचा दाब. कार्ब्युरेटरला ०.२ ते ०.४ बार पुरतो, बऱ्याच इंजेक्शन गाड्यांना २.५ ते ३.५ बार लागतो. इंजेक्टर चालतोय का, हे लांब स्क्रू ड्रायव्हर त्यावर टेकवून दांडा कानाशी धरला की समजतं. चारही एकसारखे टिकटिकले पाहिजेत.

कॉम्प्रेशन: सायकलचा पंप आठवा

वॉशर झिजलेला पंप कितीही मारा, टायर भरत नाही. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी सिलिंडर बंद, मग कॉम्प्रेशन गेजच लागतो. इंजिन कोमट, चारही प्लग बाहेर, इग्निशन आणि पेट्रोल बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. प्रत्येक सिलिंडरवर पाच-सहा दाब होईपर्यंत स्टार्टर फिरवा. निरोगी पेट्रोल इंजिन साधारण १० ते १३ बार दाखवतं. एक-दीड बारचा फरक चालून जातो, एखादा सिलिंडर ३ बारने मागे असेल तर गुन्हेगार सापडला.

आता त्या सिलिंडरमध्ये एक चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वर चढला तर रिंगा झिजल्यात. चढलाच नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र खाली असतील तर त्यांच्यामधली हेड गॅस्केट उडालीय. चारही सारखेच खाली असतील तर टायमिंग बेल्ट दात सोडून बसलाय का ते बघा.

हेड उतरवण्याआधी टॅपेटची (व्हॉल्व्हला दाबणाऱ्या भागाची) फट मोजा. टॅपेट वाजायचे थांबले की गाडी सुधारली असं वाटतं. खरं तर वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा मुका टॅपेट घातक. व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, फट शून्यावर येते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकूनच सोडतो. टेकला नाही की जळतो. फट वेळेत लावली तर कधीकधी कॉम्प्रेशन तिथल्या तिथे परत येतं.

"स्कॅनर ऑक्सिजन सेन्सर म्हणतोय, मग तोच बदलू?"

थांबा. पेटलं नाही तर त्या सिलिंडरमधला ऑक्सिजन न वापरताच बाहेर पडतो. सायलेन्सरच्या वाटेवरच्या या सेन्सरला फक्त ऑक्सिजन कळतो, पेट्रोल कळत नाही. तो कॉम्प्युटरला सांगतो, पेट्रोल कमी आहे. कॉम्प्युटर विश्वासाने सगळ्या सिलिंडरना पेट्रोल वाढवतो, चांगले प्लगही काळे पडू लागतात आणि गाडी जास्त पिऊ लागते. सेन्सर खरं तेच सांगत होता. मूळ खोट एखाद्या वायरीत असते. मिसिंगचा कोड सोबत असेल तर आधी मिसिंग मिटवा, मग सेन्सरकडे वळा.

"चालतेय ना, मग चालवू का?"

गॅरेजपर्यंत, हळू, रेस न ताणता. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन टाकतं आणि खाली ऑइलमध्ये उतरतं. जे सायलेन्सरकडे जातं ते कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं, आणि आतली जाळी वितळून वाट बुजते. इंजिनचा दिवा नुसता लागला असेल तर लवकर दाखवा. उघडझाप करत असेल तर तो याच नुकसानीचा इशारा आहे. ॲक्सिलरेटर सोडा, आणि उघडझाप थांबत नसेल तर गाडी बाजूला घेऊन टो करा.

काम झाल्यावर

प्लग आधी हातानेच बसवा. पूर्ण टेकेपर्यंत बोटांनी फिरला पाहिजे. अडला तर आटे तिरके चढतायत, बाहेर काढा. मग १४ मिलिमीटरचा वॉशरवाला नवा प्लग पान्याने आणखी अर्धा ते दोन तृतीयांश फेरा आवळा. जुनाच परत बसवत असाल तर एक बारांश फेरा पुरे, त्याचा वॉशर आधीच दबलेला असतो.

डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर ऑइल आणि फिल्टर बदला. मग एखादा चढ असलेल्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा, गाडी पूर्ण थंड होऊ द्या, आणि दुरुस्त केलेल्या सिलिंडरचा प्लग पुन्हा काढून बाकीच्यांशेजारी ठेवा. नवा प्लग इतक्यात तपकिरी होत नाही, पण ओला किंवा काळा असता कामा नये. तसा दिसला, तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं राहिलंय.